वृद्धेचा स्तनकर्करोग : उपचार किती आणि कोणी ठरवावा?

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली, साठी उलटलेल्या बाईच्या स्तनात गाठ निघाली की घरातला पहिला उद्गार बहुधा ठरलेला असतो : "बुढीले आता कायले मुंबईले न्यायचं?" या उद्गारात निष्ठुरपणा असतोच असे नाही, वयाचा, पैशाचा आणि प्रवासाचा एक हिशेब त्यात असतो. तो हिशेब बरोबर की चूक, हे पाहावयाचे तर या रोगावरील उपचारांचा इतिहास थोडा चाळला पाहिजे.

अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सर्व एकदम काढावयाचे, ही त्यांची पद्धत. रोग पायरीपायरीने बाहेर पसरतो, तेव्हा जितके अधिक कापावे तितके आयुष्य अधिक, अशी त्यामागची समजूत होती. स्त्रीची छाती खपाटीला जाई, हात सुजून जड होई. पण जीव वाचविण्याची ती किंमत मानली जाई. परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा जगभर याच मताचे राज्य होते.

या मताला प्रयोगाच्या कसोटीवर घासले ते अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी आणि इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी. केवळ गाठ काढून किरणोपचार दिलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे दोघांचेही निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मोठी जखम म्हणजे मोठे आयुष्य, हे समीकरण तेथे मोडले.

मग पुढचा प्रश्न निघाला. वृद्धेला किरणोपचार तरी हवेतच का? अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या ६३६ स्त्रियांवर हा प्रयोग झाला. त्यांची गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, संप्रेरकावर वाढणारी आणि काखेत न पसरलेली होती. सर्वांची गाठ काढून सर्वांना टॅमोक्सिफेनच्या गोळ्या दिल्या. किरणोपचार मात्र निम्म्यांनाच दिले. २०१३ साली दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. किरणोपचार न घेतलेल्यांत शंभरात सुमारे दहाजणींना त्याच जागी किंवा काखेत रोग उलटला, घेतलेल्यांत दोघींना. परंतु जगण्यात फरक पडला नाही : एकीकडे ६७ टक्के, दुसरीकडे ६६ टक्के. आणि ६३६ पैकी या रोगाने दगावल्या त्या फक्त २१. बाकीच्या ज्या गेल्या, त्या अन्य कारणांनी.

लोणारच्या किंवा संग्रामपूरच्या आजीला आठवडेच्या आठवडे परगावी राहून किरणोपचार घ्यावे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. पण येथे सावध राहिले पाहिजे. ही सूट लहान गाठीची आहे. शिवाय गोळी वर्षानुवर्षे नेमाने घ्यावी लागते. आपल्याकडे गाठ लाजेने लपविली जाते आणि फुटू लागल्यावर दाखविली जाते. तिला हा न्याय लागू होत नाही.

म्हणून मुंबईच्या एका प्रयोगाचे महत्त्व फार आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, केवळ हातांनी केली. २०२१ साली निष्कर्ष आला : सर्व वयांचा एकत्र विचार करता फरक निर्णायक नव्हता; पण पन्नाशी गाठलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नव्हते, होते ते शिकविलेले हात.

तात्पर्य, दोन्ही टोके चुकीची. वय झाले म्हणून काहीच न करणे चूक, आणि होते तेवढे सगळे करणे हेही चूक. वय हे उत्तर नव्हे. हिशेबातील ती एक रक्कम. हृदय कसे आहे, साखर किती, ती स्वतः चालते-फिरते का, घरी सांभाळणारे कोण, हे डॉक्टरांनी विचारावे आणि घरच्यांनी खरे सांगावे. आणि निर्णय घेण्यापूर्वी, ओसरीवर बसलेल्या चार पुरुषांनी आत जाऊन जिचे शरीर आहे तिला विचारावे. आजवर हिशेबातून सुटली ती नेमकी हीच रक्कम, असे आम्हांस वाटते.