ऑफसेट मशीनवर काम करताना कंबर का जाते? फोनवर हिशोब करून बघा

छापखान्यातला अपघात म्हटलं की आपल्याला रोलरमध्ये सापडलेली बोटं आठवतात. माझा मामेभाऊ गेली नऊ वर्षं ऑफसेट मशीन चालवतो. बोटं शाबूत आहेत, पण तिशीतच त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. त्याची कंबर मशीनने नाही, कागदाने घालवली.

२३ × ३६ इंचाचा ७० जीएसएम कागद घ्या. ५०० शीटच्या एका रिमचं वजन भरतं साधारण १८.७ किलो. सिलेंडरपेक्षा हलकंच की! मलाही तसंच वाटलं होतं.

वजन उचलण्याचं एक सूत्र अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने दिलंय. सगळं आदर्श असेल तर मर्यादा २३ किलो. पुढे त्यातून कापाकापी सुरू होते. घोट्यांपासून हातांपर्यंतचं आडवं अंतर २५ सेंमीच्या वर गेलं की २५ ला त्या अंतराने भागायचं. रिमच ५८ सेंमी रुंद, त्यामुळे हात सहज ५० सेंमी पुढे जातात. म्हणजे मर्यादा थेट निम्मी, ११.५ किलो. त्यात रिम जमिनीलगतच्या पॅलेटवर, हात १५ सेंमी उंचीवर, की उरतात ९.४ किलो. आणि भाऊ उचलतो १८.७! वर फीडरकडे वळताना कंबर पिळली, तर मर्यादा आणखी खाली. हाच हिशोब नायॉशच्या ‘एनएलई कॅल्क’ या मोफत अ‍ॅपमध्ये होतो. दिवसभरात किती वेळा उचलता तेही त्यात टाका, कारण त्याने आकडा बराच बदलतो.

मग करायचं काय? कमरेचा पट्टा बांधून या सूत्रातला एकही आकडा बदलत नाही. अर्धी रिम उचला, आणि खाली रिकामी पॅलेट रचून थप्पी कमरेच्या उंचीला आणा. मर्यादा ११.५, वजन ९.३५. फेऱ्या वाढतात हे खरं, पण आकडा मर्यादेच्या आत येतो.

सिमेंटच्या फरशीवर दिवसभर उभं राहिल्याने पाय भरून येतात, तिथे जाड रबरी मॅट टाका. आवाजाचं म्हणाल, तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानाला इअरप्लग हवेच.

भावाला मी हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, त्याने मालकाला दाखवले. पॅलेट रचून मिळाली. हायड्रॉलिक टेबल मात्र ‘दिवाळीनंतर बघू’ यावर अडकलंय.