शब्दवेध : शाबा

काँगोच्या आग्नेय टोकाचा कटांगा प्रांत म्हणजे तांब्याचं कोठार. तिथले लोक युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून तांबं वितळवून फुलीच्या आकाराच्या कांबी ओतत आणि त्याच चलन म्हणून वापरत. जुलै १९६० मध्ये तिथले नेते मोईझ त्शोम्बे यांनी कटांगा काँगोपासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या झेंड्यावरही तीन तांबड्या फुल्या आल्या. मागे बेल्जियन खाण कंपनीचा पैसा होताच. हे बंड जानेवारी १९६३ मध्ये संपलं. ते मोडायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारतीयही होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीरचक्र मिळालं ते इथल्याच लढाईतलं, मरणोत्तर.

फुटीची आठवण पुसायची म्हणून काँगोचे हुकूमशहा मोबुटूंनी १९७१ मध्ये प्रांताचं नावच बदललं : ‘शाबा’. स्वाहिलीत शाबा म्हणजे तांबं. अस्सल आफ्रिकी नावांचा तो काळ! पण हा शब्द स्वाहिलीत आला अरबीतून. तिथे ‘शबह’ म्हणजे पितळ. मोबुटूंनी देशाला दिलेलं ‘झाईर’ हे नाव तर त्याहून गमतीचं. नदीसाठीच्या स्थानिक शब्दाचा पोर्तुगीजांनी केलेला तो अपभ्रंश. म्हणजे अस्सलपणाची मोहीम, आणि नावं दोन्ही उसनी!

१९९७ मध्ये मोबुटू गेले, कटांगा परतला. २०१५ मध्ये त्याचेही चार तुकडे झाले : वरचा कटांगा, लुआलाबा, वरचा लोमामी आणि तांगानिका. जुनं नाव उरलं ते लुबुंबाशी शहराभोवतीच्या एका तुकड्यापुरतं.