सक्तीचा शिपाई आणि खुशीचा शिपाई

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी जे थोर पुरुष स्मरले जावयाचे ते स्मरले जातीलच. आम्ही मात्र आज एका साध्या मनुष्याविषयी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील पायदळ शिपायाविषयी, चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु त्या काळी मोडनिंबच्या स्थानकावरून बार्शी लाईटच्या लहान गाडीने मिरजेस व तेथून बेळगावास जाता येत असे; आणि बेळगाव म्हणजे मराठा पलटणीचे माहेरघर. तेव्हा रणांगणाची वाट आपल्या दारावरूनच जात होती.

प्रथम सातासमुद्रापलीकडील कॅनडा देशाकडे पाहू. तेथील सरकारने 1940 साली सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला. पण अशा शिपायांस स्वदेशाच्या रक्षणापुरतेच ठेवावयाचे, असे त्यात बंधन होते. 1942 च्या एप्रिलात या बंधनातून सरकारला मोकळे करावे की नाही, याविषयी लोकमत घेण्यात आले. देशाने बहुमताने होकार दिला; परंतु क्वेबेक प्रांताने, जेथील बहुतेक रहिवासी फ्रेंचभाषी व आपल्याच कॅथलिक पंथाचे होते, ठाम नकार दिला. पुढे पायदळात माणसांचा तुटवडा पडला, तेव्हा 1944 च्या नोव्हेंबरात सक्तीच्या शिपायांस परदेशी धाडण्याचे ठरले. त्यांपैकी सुमारे तेरा हजार समुद्रापार गेले व सुमारे अडीच हजार प्रत्यक्ष लढणाऱ्या पलटणींत पोहोचले. स्वखुशीने आलेले लोक त्यांस 'झाँबी', म्हणजे चालते प्रेत, असे हिणवीत. तथापि रणात उतरल्यावर हे लोक इतरांप्रमाणेच लढले, व त्यांतील काहींनी तेथेच देह ठेविला.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हती. 1939 साली सुमारे दोन लाख असलेले सैन्य 1945 पर्यंत पंचवीस लाखांवर गेले, ते सर्व स्वखुशीचे म्हणून गणले गेले. परंतु ज्याच्या शेतात पाऊस नाही व ज्याच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ, त्याच्या खुशीत किती खुशी व किती पोटाची सक्ती, हे सोलापुरासारख्या अवर्षणाच्या मुलखात राहणाऱ्यास सांगावयास नको. उलट काहींना सैन्याचे दारच बंद होते. महार समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबविण्यात आली. 1917 साली त्यांची पलटण उभी राहिली, ती 1921 साली मोडली. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला, आणि 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावी महार रेजिमेंटची स्थापना झाली. एकीकडे ज्यास ओढून न्यावे लागले तो मनुष्य, दुसरीकडे ज्याने दार ठोठावून प्रवेश मागितला तो मनुष्य. शिपाई मात्र दोघेही.

इटलीच्या भूमीवर कॅनडाचे व आपले लोक एकाच मोहिमेत लढले. 1944 च्या मे महिन्यात कॅसिनोच्या पायथ्याशी आपल्या आठव्या डिव्हिजनने नदी ओलांडली, तेव्हा तिच्या साहाय्यास कॅनडाचे रणगाडे होते. त्याच वर्षी 10 जुलै रोजी, असिसीचा संत फ्रान्सिस ज्या उंब्रिया प्रांतात जन्मला त्याच प्रांतात, माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सर्व शिपाई मशीनगनच्या माऱ्याखाली ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले, हातबॉम्बने ती तोफ बंद पाडली, गोळ्या भरण्यास अवसर नाही असे पाहून बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी पडले. त्यावेळी त्यांचे वय अवघे 22 होते.

1945 च्या आरंभी कॅनडियन पलटणींनी सेनिओ नदीकाठचे मोर्चे सोडले. 9 एप्रिल रोजी त्याच नदीवर संगमनेरनजीकच्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून सुरक्षित स्थळी आणिले, व नंतर शत्रूची तीन ठाणी बंद पाडली. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांस तो मरणोत्तर. मोंतोने गावच्या इटालियन लोकांनी 2023 साली घाडगे यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या सूर्यघटिकेचे अनावरण केले. परक्यांनी आपल्या मुलाची आठवण ठेविली. मग आपण का विसरावे?

वीरांस पदके मिळाली, हे योग्यच झाले. परंतु जे केवळ गेले, ज्यांनी दर महिन्यास मनीऑर्डर धाडली, व जे परत येऊन मुकाट्याने नांगर धरते झाले, त्यांची नोंद कोण करणार? ती पिढी आता बहुतेक प्रभूच्या घरी गेली आहे. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती की, कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे सैन्यातील दाखले, पदके अगर पत्रे असतील, तर ती रद्दीत जाऊ न देता आमच्याकडे दाखवावी. त्यांची नावे आम्ही वहीत उतरवून घेऊ. येत्या 2 नोव्हेंबरच्या मिस्सेत ती मोठ्याने वाचू. आणि त्यांच्या जोडीस, कोणत्याही देशाचा का असेना, इच्छेविरुद्ध गेलेल्या शिपायासाठीही एक प्रार्थना म्हणू.