गरिके

मॅजेस्टिकला बसमधून उतरा आणि पायांखालचं काँक्रीट विसरा. साल 1640, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. जिथे फलाट होते तिथे आता धर्मांबुधी तलाव आहे. पाणी आटून आत सरकलंय, उघड्या चिखलाचा वास नाकात बसतो. बंगळूरला मोठी नदी नाही, म्हणून असे तलाव आणि त्यांचे बांध हाच इथला जीव. आदिलशाहीने हा मुलूख शहाजीराजांकडे सोपवून दोनेक वर्षं झालीत. गावातल्या पेठेत तुम्हाला मराठी ऐकू आली असती, बांधावर मात्र ती कुणाच्या तोंडी नाही.

मातीवडारांची गाढवं ओळीने येतात, तांबडी माती ओततात. वर पाणी शिंपडून धुमस चालते. धप्प, धप्प. तुम्ही टाच रोवून बघता. मोकळ्या मातीत ती रुतते, चोपलेल्या थरावर मात्र वाजते.

पाण्याकडच्या उताराला दगड आहेत. कोरड्या उतारावर एक बाई खुरप्याने काढलेली गवताची ढेपळं लावतेय. प्रत्येकाला चार बोटं माती, गवत वर, कडेला कड भिडवून. “गरिके,” ती म्हणते. तुम्ही हातात घेता आणि ओळखता, ही तर आपली हरळी, गणपतीच्या दूर्वा! पेराला पेर जोडत सरपटणारी, जिथे पेर टेकेल तिथे मूळ सोडणारी. उघड्या उतारावर वळीव कोसळला की ओघळ पडतो, ओघळाची घळ होते आणि एका रात्रीत बांध फुटतो. मुळांनी विणलेल्या मातीला पाणी सहजी खरवडू शकत नाही. आजही मातीच्या धरणांच्या उतारावर हिरवळ लावतात ती याचसाठी. या साध्या गवतावर किती शेतं उभी आहेत, ते तुम्हाला इथे वाकून एक ढेपळ लावताना कळतं.

दक्षिणेला किल्ला आहे, केंपेगौडाने 1537 मध्ये बांधलेला. तोही मातीचाच. त्याला दगड लागायला 1761 साल उजाडेल, हैदरअलीच्या हातून.

ढग दाटतात. पहिले टपोरे थेंब मातीवर फुटतात. सगळे बांधाखाली धावतात, बाई तेवढी मागे राहते. तुम्ही लावलेलं ढेपळ कडेने सुटून सरकू लागलंय. ती ते वर ढकलते, टाचेने दाबते, आणि तुमचा पाय ओढून त्यावर ठेवते.