दांपत्य आणि गुन्हेशोध

गुन्हेशोधक म्हटला कीं तो एकटाच असावयाचा, फार तर सोबतीला एखादा मित्र, हा होम्स-वॉटसनचा जुना प्रघात. अमेरिकन पडद्यावर तो ठळकपणें मोडला १९३४ सालीं. ‘द थिन मॅन’मध्यें विल्यम पॉवेल व मर्ना लॉय हीं निक आणि नोरा चार्ल्स म्हणून अवतरलीं, आणि १९४७ पर्यंत या जोडीचे सहा बोलपट निघाले. १९३८-३९ मध्यें जोएल व गार्डा स्लोन या दुर्मिळ ग्रंथांचा व्यापार करणाऱ्या दांपत्याचेही तीन बोलपट आले. पुस्तकांच्या दुकानांनीं गजबजलेल्या औरंगपुऱ्याला त्यांचा व्यवसाय तरी परका वाटूं नये! परंतु तिन्ही खेपांस नट-नटी निराळीं. मालिका तेथेंच थांबली. रहस्य एकदां उलगडलें कीं संपतें. पुन्हां पाहावासा वाटतो तो ओळखीचा संसार.

मात्र हा संसार बरोबरीचा होता काय? निक नोराला टॅक्सींत बसवून ग्रँटच्या समाधीकडे तिची रवानगी करतो व स्वतः तपासाला जातो. पैसा नोराचा, चातुर्य दोघांचें, शेवटचा उलगडा मात्र निकचाच.

मराठींत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनीं (१९०६–१९९६) झुंजारला विजया ही पत्नी दिली. गृहिणीचें स्थान उंबरठ्याच्या आंत मानणाऱ्या काळांत पत्नीला साहसकथेंत स्थान देणें ही लहान गोष्ट नव्हे. नोराला टॅक्सींत बसवितां आलें, परंतु कथेबाहेर काढतां आलें नाहीं, यांतच तिचें यश आहे.