विद्यार्थी, परदेश आणि आपली ज्ञाती

तारापूरचे अणुविद्युत केंद्र 1969 साली सुरू झाले, पुढे बोईसरास कारखाने वाढले आणि आपल्या घरांतून परदेशी शिक्षणाच्या गोष्टी होऊ लागल्या. गतवर्षी पालघर येथे शिष्यवृत्त्यांच्या विचारासाठी आपली मंडळी जमली असता बोईसरच्या एका भगिनीने आम्हांस विचारले, "गुरुजी, मुलगी जर्मनीस जाते आहे खरी, पण ती आपली राहील ना?" खाण्याची चिंता त्यांस नव्हती, सुके बोंबील बांधून ठेवलेच होते! आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

प्रश्न जुना आहे. 1888 साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीने त्यांस वाळीत टाकले आणि जो त्यांस साहाय्य करील वा निरोप देण्यास बंदरावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु लिहिले पाहिजे.

त्यापूर्वी पाच वर्षे कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. कल्याण व पालघर 2014 पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून त्या आपल्याच म्हणावयाच्या. 1883 च्या फेब्रुवारीत सेरामपूर येथे भरसभेत त्यांनी सांगितले की, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ. वयास अठरा वर्षेही पूर्ण नव्हती. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांनी साडी सोडली नाही. मात्र नऊवारीत पाय गारठू लागले, तेव्हा गुजराथी धर्तीने नेसू लागल्या. आमच्या मते यात व्रतभंग नव्हे, शहाणपण होते. 1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. पोशाख तीन, अभ्यास एकच.

रोसेल गावच्या कारपेंटरबाईंशी त्यांची ओळख केवळ पत्रांतून झालेली. त्यांच्याच घरी आनंदीबाई प्रथम उतरल्या आणि त्यांस मावशी म्हणू लागल्या. 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. परंतु क्षयाने गाठले होते. मायदेशी परतून 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्या वारल्या. त्यांची रक्षा मावशींकडे धाडण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पौकीप्सी येथे कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेविली आहे.