पिकलबॉलमधला नेम : मापं आणि नियम साधन म्हणून वाचताना

पिकलबॉलचा इतिहास म्हटलं की चर्चा नावावरच अडकते. पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून नाव पडलं, की होड्यांच्या शर्यतीतल्या ‘पिकल बोट’वरून? (कागदपत्रं होडीच्या बाजूने आहेत. कुत्रा जन्मला १९६८ मध्ये, म्हणजे खेळानंतर तीन वर्षांनी!) वाद मजेशीर आहे, पण त्यातून लोक खेळत कसे होते हे काही कळत नाही. मला जास्त रस वेगळ्या प्रश्नात आहे : चेंडू जोरात मारण्यापेक्षा तो नेमका कुठे टाकायचा, याला या खेळात एवढं महत्त्व कशामुळे आलं?

कौशल्याचा इतिहास लिहिताना एक अडचण कायम येते. मनगट कसं धरलं, बॅट किती तिरकी केली, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. मग आजूबाजूच्या गोष्टींना विचारावं लागतं. इथे त्या गोष्टी म्हणजे कोर्टाची मापं आणि नियमपुस्तकं.

१९६५ चा उन्हाळा, सिअ‍ॅटलजवळचं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्यांच्या करमणुकीसाठी जुन्या बॅडमिंटन कोर्टवर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळ मांडला. बार्नी मॅकॅलम थोड्याच दिवसांत सामील झाले. कोर्ट तेच राहिलं, २० बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीचं. (बॅडमिंटनच्या सुरुवातीच्या इतिहासात आपलं पुणं आहे. तिथले इंग्रज अधिकारी या खेळाला ‘पूना’च म्हणायचे.) जाळं मात्र ६० इंचांवरून ३६ इंचांवर आलं.

आता इथे थांबून विचार करा. जाळं एवढं खाली आलं, तर जाळ्याला चिकटून उभा राहिलेला उंच माणूस प्रत्येक चेंडू खाली ठोकणार. खेळ दोन मिनिटांत संपला! म्हणून जाळ्यापुढच्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतच मारायला बंदी आली. या पट्ट्यालाच खेळाडू ‘किचन’ म्हणतात. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिसची पुढची रेघ जाळ्यापासून साडेसहा फुटांवर असते, किचनची रेघ सात फुटांवर. बाकी कोर्ट जसंच्या तसं आणि ही एकच रेघ अर्धा फूट मागे. माझ्या मते हा अर्धा फूट एखाद्या मुलाखतीपेक्षा जास्त बोलतो : उधारीच्या रेघेवर भागलं नाही, ती मुद्दाम हलवावी लागली.

त्यात दोन टप्प्यांचा नियम. सर्व्हिस टप्पा पडूनच परतवायची आणि तो परतीचा चेंडूही टप्पा पडूनच मारायचा. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकते आणि समोरची जोडी पुढे येऊन बसते. अशा वेळी तिसरा फटका जोरात मारला तर बहुधा तो अंगावरच परत येतो. तो अलगद किचनमध्ये उतरवावा लागतो. ‘थर्ड शॉट ड्रॉप’ची गरज निर्माण होते ती इथे.

दिशेचंही तसंच. दोन्ही बाजूंचे खेळाडू किचनच्या रेघेवर असतील, तर सरळ अंतर १४ फूट. कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मारलं तर साधारण २४ फूट. शिवाय जाळं कडेला ३६ इंच आणि मध्यात ३४. म्हणजे तिरक्या फटक्याला दहा फूट जादा जागा आणि अडथळाही दोन इंच कमी. प्रशिक्षक ‘क्रॉस-कोर्ट डिंक करा’ म्हणून घसा कोरडा करतात, त्यामागे हा साधा पायथागोरस आहे.

पण नुसती जागा असून भागत नाही, तिथे चेंडू नेणारं हत्यारही हवं. सुरुवातीच्या बॅटी लाकडी, जड. १९८४ मध्ये आर्लेन परांटो या बोइंगमधल्या इंजिनिअरने विमानाच्या फ्लोअरिंगला वापरतात तसल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पॅनेलपासून बॅट बनवली. चेंडूची दिशा ठरते ती टेकण्याच्या क्षणी बॅटचा चेहरा कुठे वळलाय त्यावर, आणि हलकी बॅट त्या क्षणी वळवणं सोपं जातं. तरीही ‘बॅट बदलली म्हणून खेळ बदलला’ असं एका वाक्यात लिहून मोकळं होऊ नका. किचन बॅटच्या आधीचं आहे.

नियमपुस्तकाकडे बघायची माझी पद्धत सोपी आहे : नवीन मनाई दिसली की समजायचं, कोणीतरी ते करत होतं. २०२१ च्या सुमारास ‘चेनसॉ सर्व्ह’ गाजली. चेंडू सोडताना तो बॅटवर घासून आधीच फिरकी द्यायची, मग समोरच्याचा परतीचा नेम चुकतो. २०२३ च्या नियमांत चेंडू सोडताना फिरकी द्यायला पूर्ण बंदी आली. पुढेमागे कोणाला २०२१ चा खेळ अभ्यासायचा झाला, तर ही मनाईची ओळ त्याच्या हाताशी असेल.